तळण सोडलेली कढई

मी एक जुनी लोखंडी कढई आहे. मित्रांनो, रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत उज्वलाताईंची टपरी आहे, तिथे माझा जन्म गेला. गड उतरून दमलेली माणसं माझ्यातली गरम भजी खाऊन "वा!" म्हणत, तेव्हा माझे दोन्ही कान ताठ होत.

उज्वलाताईंची लेक सेजल चौथीत आहे. तिच्या काकांना ऐन तरुणपणी हृदयविकाराचा झटका आला, म्हणून डॉक्टरांनी घरातल्या मुलांचंही रक्त तपासायला लावलं. सेजलचं कोलेस्टेरॉल फार वाढलेलं निघालं.

"येवढीशी काडी, आनि तिच्या रक्तात चरबी?" सेजलची आजी गोदूबाई मानायलाच तयार नव्हती. पण डॉक्टर म्हणाले, हे अंगकाठीवर नसतं, काही घरांत ते वारशाने येतं. आधी जेवण सुधारा. नाहीच उतरलं तर औषधाचं बघू.

सेजलची भजी बंद झाली. उज्वलाताईंनी लेकीसाठी सोमवार धरले. सेजलही हट्टाने उपवासाला बसू लागली. मग काय, सोमवार आला की मी चुलीवर! साबुदाण्याचे वडे, तुपात परतलेला बटाटा, वर खोबऱ्याची चटणी. सोमवार झाला की शनिवार, मध्येच चतुर्थी.

"खा गो बाय, उपासाचा हाय, बाधत नाय," गोदूबाई आग्रह करायची.

पुढच्या तपासणीत आकडा तसाच. उज्वलाताई महाडहून आल्या त्या माझ्यासमोरच बसल्या. "डॉक्टरांनी विचारलं, उपवासाला काय खाता? मी सगळं सांगितलं. म्हणाले, ताई, देवाला चालतं ते रक्ताला चालेलच असं नाही."

मग गोदूबाईकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "आई, चातुर्मास लागतोय. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा. मी तळण सोडते. घरातलं आणि टपरीवरचंही. गिऱ्हाइकांना पिठलं-भाकरी देऊ."

"भज्याबिगर कुत्रा फिरकायचा नाय, बघ!"

"नाही फिरकला तर नाही."

मी खुंटीवर गेले. वाटलं, आता गंजणार. पण एके सकाळी ताईंनी मला उतरवलं, चमचाभर तेल घातलं आणि पावसात रानात उगवणाऱ्या टाकळ्याची भाजी परतली. मग माझ्यात नाचणी भाजली, कुळीथ भाजले. सेजल नाक मुरडायची, "हे गवत कोण खाणार?" ताई रागावत नसत. मात्र ताटही बदलत नसत. "देवापुढे शब्द दिलाय, बाळा. पोटभर खा, पण हेच."

कार्तिकात आकडा उतरला. अजून सांभाळा, डॉक्टर म्हणाले. उद्यापनाला, सोडलेला पदार्थ करून देवाला दाखवायचा आणि मग खायला लागायचं, अशी आमच्याकडची रीत. गोदूबाईने तेलाचा डबा काढला. माझे कान पुन्हा ताठ!

सेजलने माझ्यावर हात आडवा धरला. "नको गो आजी."

"तुला नकोत भजी?"

"हवीत! लय हवीत. पण आज खाल्ली की उद्या पण मागीन."

"अगो, उद्यापनाबिगर व्रत पुरा होत नाय!"

"मग नको होऊ दे पुरं."

उज्वलाताईंनी डोळे पुसले आणि देवापुढे भज्यांऐवजी केळं ठेवलं. तेलाचा डबा फळीवर गेला. त्या दिवशी माझ्यात कुळीथ भाजले गेले, आणि तो खमंग वास घेत गोदूबाईच आधी पाटावर बसली.

मित्रांनो, मला अडगळीत टाकू नका, पण काठोकाठ तेलानेही भरू नका. चमचाभर तेलात मला चव आणता येते. तुमच्यासाठी कुणी ताट बदललं, तर नाक मुरडण्याआधी एक घास खाऊन बघा.

माझं व्रत अजून चालू आहे.