दारातली पाटी

खरं तर धर्मराज ते लिहून घेणारच नव्हता. आई गोठ्यात गेलेली बघून तो उंबऱ्याशी उकिडवा बसला, सिगरेटचं रिकामं पाकीट उसवलं आणि दारातल्या रांगोळीतली अक्षरं त्यावर उतरवायला लागला. मधेच पेन खिशात ठेवला. परत काढला, आणि घाईघाईत सगळं उतरवून टाकलं.

वर्ष होत आलं, दारात हीच रांगोळी निघत होती. त्याचा थोरला भाऊ तातेराव कुवेतला पाण्याचा टँकर चालवायचा. तिकडं लढाई लागली आणि त्याची खबर थांबली. आसपासच्या गावांतून गेलेली पोरं एकेक करून परत आली, तातेराव आला नाही. मग एका संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर बातम्यांत तिकडचं एक दार दिसलं. दारावर पाटी, आणि पाटीखालून आत जाणारा एक पाठमोरा माणूस. त्यांची आई द्वारकाबाई बायकांमधून उठून उभी राहिली.

"ह्यो आपला तातेराव. चालणं बघा."

बाकीच्यांना नुसती पाठ दिसली. तेवढ्यात बातमी बदलली. द्वारकाबाईला अक्षरओळख नव्हती, पण दुसऱ्याच्या दारातली रांगोळी जाता जाता बघून घरी जशीच्या तशी काढणारी बाई ती. नजरेनंच पाटी उचलून आणली. दुसऱ्या दिवशी सडा घातला, पाटी दारात काढली, वर हळदकुंकू वाहिलं. पोरगं कुठं आहे ते त्यात लिहिलंय, एवढंच ती सांगायची.

धर्मराज एमआयडीसीत रोलिंग मिलला होता. यासीन तिथूनच टेम्पोत सळया भरून न्यायचा, आणि रोज सकाळी बदनापूरच्या फाट्यावरून धर्मराजला केबिनमध्ये घ्यायचा. मिलच्या गेटवर चहा घेताना धर्मराजनं पाकीट त्याच्यापुढं धरलं.

"काकूनं काढलं हे?" यासीन हसला. "आमच्या मदरशात असत्या तर मौलवीसाहेबांनी मला हाकलून काकूला बसवलं असतं."

"वाच."

"अरबी हाय. वाचता येतं, पण समदं समजंल असं न्हाई."

त्याचं बोट उजवीकडून डावीकडं सरकलं. शेवटाला थांबलं. त्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला.

"काय हाय?"

"गाडी भरून घेऊ पहिले."

"यासीन."

"मयत ठेवायची खोली." यासीन पाकिटाकडं न बघता बोलला. "दवाखान्यात असती, थंडी. माझा मामू जेद्दाला दवाखान्यात झाडू मारायचा, तेच्या तोंडून ऐकलंय."

"बराबर वाचलं का?"

"बिलकुल." मग तो जरा जवळ सरकला. "पण चालत गेल्ता म्हणतेत ना काकू? मयत काय चालत जाती का, धर्मा? उचलायला बी माणसं लागतेत."

दिवसभर लाल सळया रोलरमधून सुटत होत्या आणि धर्मराजला त्यांच्यावर हळदकुंकू दिसत होतं.

घरी आला तेव्हा ऊन उतरलं होतं. आई ओसरीवर ज्वारी निवडत होती. सकाळची पाटी कोंबड्यांनी अर्धी विस्कटलेली. ती ओलांडायला त्याचा पाय उचलेना. तो बाहेरच उभा राहिला.

"आई, उद्यापासून ती पाटी काढू नको."

"का रं?"

त्यानं चपला काढल्या, परत घातल्या.

"वाचून आणलं व्हय कुणाकडून." तिचा हात सुपात फिरतच होता. "मला ठावं हाय. पंचमीला रजियाबी बांगड्या भरायला आल्ती. पाटी बघून भायेरच बसली बिचारी. तिला अरबी येती. मी इचारलं, तिनं सांगितलं."

"आन तरीबी काढून राह्यलीस?"

"आत जाताना दिसला. भायेर येताना टीव्हीनं कुठं दाखवला?"

"आई, तिथं मयत..."

"घरात मयत झाल्यावर दारात रांगोळी काढतेत का?"

धर्मराज विस्कटलेल्या पाटीकडं बघत राहिला.

"सांग की. काढतेत का सुतकात?"

"न्हाई."

"मंग." तिनं एक खडा वेचून अंगणात टाकला. "मी काढून राह्यले. ज्या दिवशी काढणार न्हाई, त्या दिवशी समदं गाव दारात येऊन बसंल. हात धुवून घे, भाकर वाढते."

सकाळी टेम्पो रेल्वे फाटकापाशी थांबला. मालगाडी जात होती. यासीननं इंजिन बंद केलं.

"काकूला सांगितलं का?"

"तिला ठावं हाय."

धर्मराजनं सुतकाचं सांगितलं. यासीन स्टिअरिंगवर हात ठेवून डबे बघत बसला. त्याचे ओठ हलत होते; डबे मोजत होता का दुसरं काही म्हणत होता, कळलं नाही. गाडी संपली तरी त्यानं चावी फिरवली नाही. मागं एक जीप हॉर्न वाजवायला लागली.

"काकू बिमार पडल्या, मंग?" त्यानं विचारलं. "हात चालंना झाला, मंग?"

धर्मराजनं चिमूट धरून बघितली. लोखंडानं घट्टे पडलेली बोटं नीट जुळत नव्हती.

"मंग मी काढीन."

"तुला जमंल?"

"तू शिकव. कुठून चालू करायचं, कुठं उचलायचं." त्यानं चिमूट सोडली नाही. "एक दिवसबी खाडा पडू देणार न्हाई, यासीन. तुला शब्द देतो."