दोघांच्या मधलं चाक

मधलीनं बाईक गॅरेजच्या दारात उभी केली, हेल्मेट बाकावर आपटलं आणि आत बघून ओरडली, "दोघंही बाहेर या!"

दोघंही म्हणजे तिचे भाऊ. थोरला डावीकडच्या कपाटामागून आला, धाकटा उजवीकडच्या. तिचं तोंड बघूनच दोघांना कळलं, आज आपलं काही खरं नाही. मध्ये जमिनीवर पिवळ्या रंगाची रेघ होती. वडील गेल्यावर पाटीवर नाव आधी कोणाचं, यावरून दोघांचं असं फाटलं की शेवटी पाटीवर नुसतं 'गॅरेज' एवढंच राहिलं आणि बोलणं बंद झालं ते झालंच. पण पोट कोणाला चुकलंय? मग वाटणी अशी ठरली: गाडी रेघेवर उभी करायची, डावी बाजू थोरल्यानं करायची, उजवी धाकट्यानं. सुटा भाग ज्याच्या हद्दीत पडेल तो त्याचा. लोक हसायचे, पण हात चांगले म्हणून यायचेही. एकमेकांना काही सांगायचं असलं की दोघंही मधलीला फोन करायचे. बहीण कसली, टपालपेटीच केली होती तिची.

"काल पोरगी पडली," ती म्हणाली. "शाळेच्या वळणावर. रस्ता ओला होता, मी ब्रेक दाबला आणि पुढचं चाक जागच्या जागी अडकलं. हात मोडलाय तिचा. तुमच्या भाचीचा!"

थोरल्याचा चेहरा उतरला. धाकटा मटकन टायरवर बसला. "ताई, अगं मग फोन तरी करायचास..."

"फोन करून करूनच ही वेळ आली!"

यात काडीचंही खोटं नव्हतं. टायर बदलून घेतल्यापासून एबीएसचा पिवळा दिवा विझतच नव्हता. चाक किती वेगानं फिरतंय हे पुढच्या चाकाजवळचा सेन्सर वाचतो. त्याला ते वाचता आलं नाही की हा दिवा पेटतो, आणि मग जोरात ब्रेक लावला तर चाक अडकू शकतं. सेन्सर डावीकडे, म्हणजे थोरल्याचा. त्यानं तो पुसला, मग नवा घातला आणि मधलीला सांगितलं, "सेन्सर ठणठणीत आहे. वायर बघ म्हणावं त्याला." वायर उजवीकडून वर जाते, म्हणजे धाकट्याची. त्यानं ती टोकापासून टोकापर्यंत तपासली आणि सांगितलं, "वायरला काही झालेलं नाही. सेन्सर नीट बसव म्हणावं त्याला." ही आपली इकडचं तिकडं सांगत बसली. भाऊच आहेत, करतील नीट, असं म्हणून दिवा पेटलेला असतानाही पोरीला मागे बसवत राहिली. त्या विश्वासाचाच आता तिला सगळ्यात जास्त संताप येत होता.

"आज माझ्यासमोर उघडा," ती म्हणाली. "आणि मी कोणाचाही निरोप कोणाला देणार नाही."

ती चाकाशी उकिडवी बसली. सेन्सरचं टोक आणि चाकावरची दातेरी चकती यांच्यात पोस्टकार्ड जाईल एवढीच फट हवी, हे वडिलांच्या गॅरेजात वाढलेल्या तिलाही माहीत होतं. तिनं घराची किल्ली घातली. किल्ली आरपार गेली.

"चाकच उजवीकडे सरकलंय. हे मला दिसतं, तुम्हाला दिसत नाही?"

आस काढायचा तर एकानं एका बाजूनं धरावं लागतं आणि दुसऱ्यानं दुसऱ्या बाजूनं फिरवावं लागतं. तेवढं त्यांनी मुकाट्यानं केलं. चाक निघालं, आसावर चाक जागेवर धरून ठेवणाऱ्या नळ्या, म्हणजे दोन्ही बाजूंचे बुश निघाले. मधलीनं ते शेजारी शेजारी उभे केले. एक लांब होता, एक आखूड. लांब डावीकडून निघाला होता.

"डावीकडे आखूड लागतो," थोरला म्हणाला. तिलाच म्हणाला.

"मग लांब का घातलास?"

"टायर बदलला त्या दिवशी आखूड घरंगळत पलीकडे गेला. पलीकडून हा लांब आला."

"आला? पाय फुटले होते त्याला?"

धाकट्यानं मान खाली घातली. "मीच सरकवला, पायानं. म्हटलं, चुकीचा दिला की मागेल आपला. निदान तोंड तरी उघडेल."

मधली थोरल्याकडे वळली. "तुला कळलं होतं? हा चुकीचा आहे म्हणून?"

"हातात घेतल्याबरोबर."

"आणि तरी घातलास!"

"मागायचं कोणी?"

चूक झाली असती तर तिनं पदरात घेतली असती. चुका कोणाच्या हातून होत नाहीत? पण हे दोघं जाणूनबुजून गप्प बसले होते. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुमच्या अबोल्याची किंमत माझ्या पोरीनं मोजायची? लाज वाटत नाही? ती मामा मामा करत असते, औषध घेतानासुद्धा! माणसं आहात का दगडधोंडे?"

तिचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. समोरचा शिंपी दारात येऊन उभा राहिला, तिनं त्यालाही आत पिटाळलं.

भावांनी बुश आपापल्या जागी घातले, चाक बसवलं. तिनं पुन्हा किल्ली लावून बघितली, आता ती शिरेना. धाकट्यानं गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली. दिवा विझला होता. मधली कोणाशीही न बोलता गाडीवर बसली, हेल्मेट चढवलं.

थोरला फडक्याला हात पुसत होता. पुसता पुसता थांबला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं रेघेपलीकडे, सरळ धाकट्याकडे बघितलं.

"काय रे," तो म्हणाला, "त्या दिवशी मागचं चाकही काढलं होतं ना आपण?"

धाकट्यानं नुसती मान डोलावली.

"त्यातलं काय सरकवलं होतंस?"

या दोघांनी एकमेकांशी बोलावं म्हणून मधली वर्षानुवर्षं तरसली होती. आता बोलले, ते हे. ती गाडीवरून उतरली, किल्ली काढून मुठीत घट्ट धरली आणि धाकट्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उत्तर दे त्याला," ती म्हणाली.