माझ्या तोंडचे अर्थ

इंग्रजी मला येत नाही, हे मीच सांगून टाकते, म्हणजे माझ्यामागे कुणी कुजबुजायला नको. चौथीनंतर शाळा सुटली. पण आमचा कारखाना इंग्रजी शब्दांच्या कार्डांचा आहे आणि तिथे माझ्यापुढे कुणाचं चालत नाही. कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. कोपऱ्यात कापायचं मशीन, त्यावर माझा नवरा; मधे लांब टेबल, त्यावर पुठ्ठ्याच्या पेट्या; आणि दारासमोरच्या खुर्चीत मी.

कार्डाच्या एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ. एका पेटीतले सगळे शब्द सारख्या अक्षरांनी सुरू होणारे. शब्द आणायचा माझा धाकटा दीर, बारक्या. आता तो शाळेत इंग्रजीचा मास्तर आहे, टक्कल पडायला लागलंय, पण सासूबाई गेल्या तेव्हा त्याचे दुधाचे दातही पडले नव्हते. त्याला वाढवलं मी. त्याच्यासाठी शाळेत भांडायला जायची तीही मीच. म्हणून माझ्यासाठी तो अजून बारक्याच.

अर्थसुद्धा आधी तोच लिहायचा. स्निफ : हुंगणे. स्नोअर : घोरणे. मी म्हटलं, "अरे, हे काय अर्थ झाले? औषधाच्या बाटलीवरची सूचना आहे का ही?" तेव्हापासून तो शब्द समजावून सांगायचा, मी बोलायची आणि तो उतरवून घ्यायचा. स्निफ : झाकण न काढता पातेल्यात काय आहे ते ओळखणे. स्नोअर : नवरा झोपला आहे हे शेजाऱ्यांना कळणे.

मशीनवरून नवऱ्याने विचारलं, "हे छापायचंय?"

"छापायचंय. खोटं असेल तर सांगा."

तो पुन्हा कापायला लागला.

आणि त्या पेटीची गंमतही मलाच दिसली. म्हटलं, "बारक्या, एस-एनच्या शब्दांना नाक असतं रे. हुंगणं, घोरणं, शिंकणं, नाक मुरडणं, सगळी नाकाचीच कामं." तो पेन हातात धरून बघतच राहिला. साप आणि बर्फ तेवढे त्यात बसेनात, म्हणून त्यांना घराबाहेर काढलं. मग जी-एलची पेटी झाली, उजेडाची आणि नजरेची. ग्लेअर : एक शब्द न बोलता पोराला खाली बसवणारी नजर. रोज शाळा सुटली की तो यायचा, चहाचा कप माझ्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, "वहिनी, बोल." एवढ्या हौसेने माझं कुणी ऐकलेलं नाही. बाकीचे ऐकतात, पण सुटका नाही म्हणून.

परवा चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात पेट्या द्यायला गेले. काउंटरपाशी एक बाई मुलीला कार्ड वाचून दाखवत होती. "ग्लूम : पाहुणे जायचं नाव काढत नाहीत तेव्हाचं घर." दोघी हसत सुटल्या. माझी मान अशी ताठ झाली म्हणता! म्हटलं, "आमचंच आहे ते." बाईने कौतुकाने पेटी पुढे केली. हिरवी, गुळगुळीत, झाकण आपसूक बसणारी. आमची पेटी खाकी असते, वर रबर.

मी ती उलटी केली. मागे बारक्याचा फोटो, कोट घातलेला. खालचं मी अक्षर अक्षर लावून वाचलं. शब्द आणि अर्थ, आणि पुढे त्याचं नाव. एकट्याचं.

"काकू, तुम्हाला माहीत नव्हतं?" दुकानदार म्हणाला. "मोठ्या कंपनीने घेतलंय की त्यांना."

"माहीत नसायला काय झालं? घरचीच गोष्ट आहे," मी म्हटलं आणि आणलेल्या पेट्या तशाच उचलून परत आले.

संध्याकाळी तो आला. कप पुढे केला. मी घेतला नाही.

"मला काही सांगायचंय का तुला?"

"नाही. का गं?"

"कोट छान दिसतो. कुणाचा आणला होतास?"

त्याला समजलं. कप त्याने टेबलावर ठेवला. "वहिनी, मी सांगणारच होतो."

"कधी? मी मेल्यावर?"

"ते विचारत होते अर्थ कुणाचे. काय सांगणार? चौथी नापास बाईने इंग्रजीचे अर्थ केलेत म्हटल्यावर लोक हसतील."

"हसायलाच तर घेतात, बारक्या. आणि चौथी पास आहे मी."

मशीन थांबलं होतं. नवरा पात्यावरची कात्रणं झटकत होता. पात्यावर एकही कात्रण नव्हतं.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"धाकटा आहे," तो मान वर न करता म्हणाला. "म्हटलं, जाऊ दे पुढे."

"आणि मी कुठे जाऊ, ते नाही ठरवलंत दोघांनी?"

बारक्या म्हणाला, "रागावू नकोस. पुढच्या पेटीत तुझे आभार छापायला सांगतो. झाकणाच्या आतल्या बाजूला." आणि खिशातून पेन काढलं. एवढ्यातही पेन काढलं! "टी-डब्ल्यूची पेटी हवी आहे त्यांना, घाई आहे. ट्विन म्हणजे जुळं. ट्वाईन, सुतळी. ट्विलाइट, ही आत्ताची वेळ, धड दिवस नाही, धड रात्र नाही. ट्विस्ट म्हणजे पिळणं. तुला दिसतंय का काही यांच्यात?"

दिसत होतं. त्याने तिसरा शब्द उच्चारायच्या आतच दिसलं होतं. सगळे शब्द दोघांचे. जुळं दोघांचं, सुतळी दोन पदरांची, सांज दिवसाची आणि रात्रीची. आणि ओली चादर पिळायची तर दोन टोकांना दोन माणसं लागतात. एकाने टोक सोडलं की दुसरा आपटतो. सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. असा अर्थ त्या हिरव्या पेटीवाल्यांना जन्मात मिळाला नसता.

"वहिनी?"

"नाही दिसत काही."

"बरं, ट्विस्ट तरी सांग."

"पिळणे."

तो थांबला. वाट बघत राहिला, लहानपणी ताटासमोर बघायचा तशी.

"लिही," मी म्हटलं. "पिळणे. पुढचा शब्द सांग."