सोराची उडी

बेक मून-सिक यांनी तिशीत दिग्दर्शित केलेल्या पहिल्याच चित्रपटाने कोरियात त्यांचं नाव झालं. तिसऱ्या चित्रपटाच्या वेळी मात्र धरणात उडी मारण्याच्या एका प्रसंगात तरुण अभिनेत्री खडकावर आपटली. ती वाचली, पण पुन्हा कधी उभी राहिली नाही. त्यानंतर बेकना कोणी काम देईना. साबणाच्या आणि नूडल्सच्या जाहिराती करत त्यांनी कितीतरी वर्षं काढली.

त्यांना पुन्हा चित्रपट दिला तो सिंगापूरच्या एका निर्मात्याने. तिथल्या वन-नॉर्थ भागात ऑफिस असलेला हा संजीव करंदीकर. सहायक दिग्दर्शक म्हणून त्याने सिंगापूरच्याच टॅम्पिनीस भागात वाढलेल्या ऋताला घेतलं. ऋताला बेक आवडायचे. ते कुणावर ओरडत नसत. फक्त समुद्राचा विषय निघाला की बोलणं दुसरीकडे वळवत.

शेवटचा प्रसंग समुद्रातलाच होता. नायिका सोराने बोटीवरून उडी मारायची होती. पाणबुडे तयार होते, पाणी शांत होतं, सोरा पोहण्यात तरबेज होती. बेकनी तिच्या कमरेची दोरी पुन्हा पुन्हा ओढून पाहिली आणि एकदम हेडफोन काढून ठेवले.

“उडी नको. शेवट बदलू.”

संजीवने ऋताला बाजूला घेतलं. “त्यांच्याच्याने हे व्हायचं नाही. शॉट तू घे.”

“त्यांच्यादेखत?”

“मग काय करू? पुन्हा बोट मिळणार नाही. आणि तुला दिग्दर्शन करायचंय ना? कर की!”

ऋताने वळून पाहिलं. बेक कठडा घट्ट धरून उभे होते. ती त्यांच्या खुर्चीत बसली आणि तिने खूण केली.

सोराने उडी मारली, वर आली आणि हसली. शॉट अप्रतिम झाला. सगळे टाळ्या वाजवत असताना बेक टॉवेल घेऊन शिडीकडे धावले. कोरडे झाले तरी ते सोराचे खांदे पुसत होते.

“मी ठीक आहे, सर,” ती सांगत राहिली. त्यांना ते ऐकूच येत नसावं.

चित्रपट पुरा झाला. बेकनी त्यावरून आपलं नाव काढायला लावलं. ते सोलला परतण्याआधी ऋता त्यांना क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉल्सच्या गर्दीत, भेटली.

“सर, माझ्यावर रागावलात?”

“नाही. शॉट चांगला घेतलास.” ते कॉफी ढवळत राहिले. “ती पाण्यात गेली तेव्हा तू कुठे पाहत होतीस? पाण्याकडे, की मॉनिटरकडे?”

ऋताला खोटं बोलवेना. “मॉनिटरकडे.”

“धरणावर त्या दिवशी मीही तिकडेच पाहत होतो,” ते म्हणाले.

पुढच्या वर्षी संजीवने ऋताला तिचा पहिला चित्रपट दिला. आईने आनंदाने शिरा केला. ऋताने तो खाल्ला, सगळ्यांचं कौतुक ऐकून घेतलं. पण बेकना फोन करून ही बातमी सांगायचं धाडस मात्र तिला झालं नाही.