टीव्हीला विचारणारा होता

माझा राग नाकावर असतो असं घरी सगळे म्हणतात. असू दे. त्या सकाळी तो नाकावर नव्हता, पार डोक्यात गेला होता, आणि त्याला कारण माझा सख्खा मोठा भाऊ होता.

दादा आणि मी मिळून नेटवर्कची कामं घेतो. तो गोड बोलून कंत्राटं मिळवतो, मी तारा आणि पेट्या सांभाळते. वहिनी, म्हणजे दादाची बायको, ज्या हॉस्पिटलात नर्स आहे तिथलं कामही आमच्याकडेच होतं. मागच्या आठवड्यात तिच्या वॉर्डात एका म्हाताऱ्या पेशंटचं हृदय थांबलं. तिनं भिंतीवरचं लाल बटण दाबलं. ते दाबलं की सगळ्या मजल्यांवरच्या स्पीकरवर एकदम पुकारा होतो आणि डॉक्टर धावत येतात. पुकारा झालाच नाही. वहिनी एकटी त्यांची छाती दाबत राहिली, ओरडून ओरडून तिचा घसा बसला. म्हातारबाबा वाचले, पण अजून कुणाला ओळखत नाहीत. त्यांच्या मुलीनं तक्रार केली, चौकशी बसली, आणि दादानं सगळ्यांसमोर तेच बटण दाबून दाखवलं. पुकारा खणखणीत. झालं, खापर वहिनीच्या डोक्यावर फुटलं. घाबरली, बटण दाबायचं विसरली, आणि आता थापा मारते म्हणे.

मी बाहेरगावच्या कामावरून परतले ती थेट तिथे गेले. त्याच सकाळी चौकशीची शेवटची बैठक होती आणि वहिनीची नोकरी राहते की जाते ते तिथे ठरणार होतं. आमची वहिनी औषधाच्या गोळ्या तीनदा मोजते. ती बटण विसरेल यावर माझा विश्वास बसेना, म्हणून आधी तारांच्या खोलीत शिरले.

तिथलं प्रकरण असं होतं. स्विच म्हणजे सगळ्या तारा येऊन मिळतात ती पेटी. टीव्हीचे कार्यक्रम असोत की पुकारे, जे अनेकांना एकदम पाठवायचं ते ती मागितलं-न मागितलं सगळ्या तारांवर ओतत होती, त्यामुळे त्याच तारांवरचे फोन खरखरायचे. जाण्याआधी मी दादाला सांगितलं होतं की गाळणी चालू कर, म्हणजे जो मागेल त्यालाच मिळेल. आणि बजावलं होतं की सोबत विचारणाराही नेम. ही त्या पेटीतलीच सोय. ती थोड्या थोड्या वेळानं सगळ्यांना विचारत राहते, अजून हवंय का? उत्तर आलं की पुढचं चालू. कुणी विचारलंच नाही तर उत्तरही येत नाही, पेटी समजते इथे कुणाला काही नकोय, आणि चार-पाच मिनिटांत सगळं गप्प.

मी स्क्रीन उघडली. गाळणी टीव्हीच्या आणि स्पीकरच्या, दोन्ही विभागांत लावलेली. विचारणारा फक्त टीव्हीच्या विभागात. का, तर टीव्ही बंद पडला की लगेच बोंब होते. लाल बटण रोज कोण दाबतंय?

मग दादानं दाखवला तो पुकारा कसा वाजला? तेही तिथेच दिसलं. त्यानं आधी स्पीकर बंद करून चालू केले होते. नुकताच चालू झालेला स्पीकर आपणहून मागतो, त्यामुळे थोडा वेळ सगळं सुरळीत चालतं.

दादाला जिन्यात गाठलं. वाटलं होतं, ऐकून त्याच्या पायाखालची जमीन सरकेल. कसली सरकतेय! त्याला परवाच कळलं होतं. आत्ता पेटीत बदल केला तर त्याची वेळेसकट नोंद पडेल, म्हणून बैठक उरकली की गुपचूप दुरुस्त करणार होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे वर मलाच ऐकवलं. सगळ्या मजल्यांवरची लाल बटणं नुसती शोभेला आहेत हे परवापासून माहीत असून हा कंगव्यानं केस बसवत होता. वहिनीचं काय, मी विचारलं.

"तिला कुठेही नोकरी मिळेल," तो म्हणाला. "आपल्याला हे काम परत मिळणार नाही."

मी हात मागे बांधले, नाहीतर मोठा भाऊ वगैरे काही राहिलं नसतं.

बैठकीत चौकशी घेणाऱ्या मेट्रनबाईंनी तिथल्या भिंतीवरचं लाल बटण शेवटचं एकदा दाबून बघितलं. दादा आधीच जाऊन स्पीकर बंद-चालू करून आला होता, त्यामुळे पुकारा छान झाला. वहिनीनं मान खाली घातली. दादा कागद आवरून उठायला लागला.

"बसा," मी म्हणाले. "सगळ्यांनी चहा घ्या. मग हेच बटण परत दाबा. मध्ये कुणी खोलीबाहेर जायचं नाही."

चहा आला. दादानं कपाला हात लावला नाही. त्याला दुसरीकडे तातडीनं जायचंय असं तो सांगू लागला, पण मेट्रनबाईंनी त्याला नुसतं बघून खाली बसवलं. कप रिकामे झाले तशी त्या उठल्या आणि बटण दाबलं. काही वाजलं नाही. पुन्हा दाबलं. शेजारच्या वॉर्डातल्या टीव्हीवर कुणीतरी हसत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

मी सगळं सांगितलं, परवाचंही सांगितलं. आमचं कंत्राट तिथल्या तिथे गेलं. दुरुस्ती तेवढी आत्ता करून द्या, असं मेट्रनबाई मला म्हणाल्या, आणि वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून थांबल्या.

दादा माझ्या मागोमाग तारांच्या खोलीत आला, त्याच्यामागे वहिनी. तो माझ्यावर डाफरला की घरातली गोष्ट मी चव्हाट्यावर आणली, घरातल्या घरात मिटली असती.

वहिनीचा घसा अजून बसलेलाच होता.

"घरातल्या घरात तू मला एकदा तरी विचारलंस का," ती म्हणाली, "बटण दाबलं होतंस का म्हणून?"

दादा पेटीवरच्या दिव्यांकडे बघत राहिला. मी स्पीकरच्या विभागात विचारणारा नेमला. एका ओळीचं काम होतं.