लॅटिनवाले काका

आमच्या चर्चमधले पोट्टे मले 'लॅटिनवाले काका' म्हणतात. हे नाव मीच पसरवलं. दर रविवारी मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली प्रार्थना, संपली, की बाहेर चहा पिता पिता मी सुरू होतो, "आमच्या वेळी मिस्सा म्हणजे लॅटिन! फादर वेदीकडे तोंड करून, आमाले पाठ दाखवून उभा. काय तो रुबाब! आता पाहा, मराठी, पेटी, तबला. कीर्तनच करून टाकलं बाप्पा!"

खरं सांगू? ते लॅटिन मले दोन ओळीच येते. आठव्या वर्षी मी वेदीवर सेवा करत होतो. फ्रेंच फादर पुढून म्हणायचा, आम्ही पोट्टे मागून घोकलेली उत्तरं द्यायचो. अर्थ फादरलेच ठाऊक. मग मिस्सा मराठीत झाली अन् बाकीचं सगळं उडून गेलं. तिसऱ्या ओळीपासून मी खोकतो. सत्तरीच्या माणसाच्या खोकल्यावर कोणी शंका घेत नाही.

नव्या मिस्सेवर माह्या रागाचं कारणही वेगळंच आहे. जुन्या मिस्सेत फादरची पाठ पाहायची अन् घरी जायचं. आजूबाजूले कोण आहे, काही घेणंदेणं नाही. आता मधातच फादर म्हणते, एकमेकांना शांती द्या. मग इकडे वळा, तिकडे वळा, हात जोडा, 'शांती' म्हणा. आणि समोर पेटीवर कोण, तर माहा सख्खा लहान भाऊ, बळीराम.

सात वर्षं झाली, आम्ही बोलत नाही. आईच्या अंत्यविधीत त्यानं मराठी भजन धरलं. मी भर चर्चमध्ये उठलो अन् माइकची वायर उपटली. म्हटलं, "माह्या आईले लॅटिनमध्ये निरोप देऊ!" सगळे माह्या तोंडाकडे पाहून राहिले. मी दोन ओळी म्हटल्या अन् खोकलो. आईची पाठवणी खोकल्यावरच झाली. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! तेव्हापासून शांतीची वेळ आली, की मी डोळे मिटून घेतो. लोकांले वाटते, काका किती तल्लीन झाले.

गेल्या शुक्रवारी बळीरामची पोरगी उन्नती घरी आली. दारातूनच म्हणाली, "मोठेबाबा, मंगळवारी बाबाच्या गळ्याचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणते, जीव राहीन, आवाज जाईन."

ती बसलीसुद्धा नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडलो. रडतानाही लोकांनी ऐकू नये ही काळजी. गिरे तो भी टांग ऊपर!

रविवारी ठरवूनच गेलो. आज द्यायचीच शांती. फादर म्हणाला, "एकमेकांना शांती द्या." खरं तर जागेवरूनच हात जोडायचे असतात. मी बाकावरून निघालो, तो थेट पेटीपाशी. तबलेवाल्यानं आधी माइकची वायर पायाखाली दाबून धरली.

मी हात जोडले. दोन अक्षरांचा शब्द, पण निघतच नव्हता. बळीराम माह्याकडे पाहत होता. त्याचा आवाज आताच घोगरा झाला होता.

"तुहं लॅटिन म्हण गा दादा," तो म्हणाला. "अख्खं म्हण."

मी खोकलो. तो थांबला. मी पुन्हा खोकलो. तो थांबूनच राहिला.

"मले येत नाही गा," मी म्हटलं. माइक चालू होता. पार मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं.

"माहीत आहे मले. वेदीवर तुह्या बाजूले मीच तर गुडघे टेकून राहत होतो. तू नुसते ओठ हलवत होता. उत्तरं मी देत होतो. आईसाठी मी म्हटलं असतं. तू विचारलंच नाही."

मग त्यानं पेटीवरचा हात काढला अन् हळूहळू सगळं म्हटलं, त्या फाटक्या आवाजात, एक शब्द न चुकता. वेदीवर फादर थांबला होता. मले दोन ओळींच्या पुढचं काही ओळखू आलं नाही, तरी मी हात जोडून उभाच होतो.

त्याचं म्हणून झालं. मी त्याचा खांदा धरला.

"आणखी एक डाव म्हण गा, बळीराम," मी म्हटलं. "मंगळवार अजून आला नाही."