सत्तेचाळिसावा हुक

भिंतीवर हुक एकशे बारा. त्यांवर हत्यारे एकशे अकरा, आणि सत्तेचाळिसाव्या हुकावर एक पितळी बिल्ला. हत्यारखोलीच्या ताईंनी निवृत्तीच्या दिवशीही मोजणी बोट लावून केली. चार्ज घ्यायला आलेल्या बाई मागोमाग फिरत होत्या.

"बिल्ला कोणाचा?"

"मिशीवाल्याचा, आमच्या मेकॅनिकचा. हत्यार नेलं की आपला बिल्ला टांगायचा, परत दिलं की बिल्ला घ्यायचा. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन चाचणीच्या फेरीला गेला. हेलिकॉप्टर तलावात पडलं. तो आणि पायलट, दोघंही गेले."

"कशामुळे?"

"दोन वर्षं चौकशी झाली. कळलं नाही."

हँगरमध्ये मात्र कुजबुज होतीच, की स्क्रूड्रायव्हर तोच यंत्रात विसरला असेल. ताई एकच उत्तर देत, "जेवणाचा डबा विसरेल तो, हत्यार नाही."

"मग 'हरवलं' लिहू?"

"माझी सही होईपर्यंत नाही."

एरवी ताई मजेत होत्या. एकतीस वर्षे नोकरी धड झाली होती, गुडघेही अजून साथ देत होते. "आता घरात चमचे मोजत बस," असे यजमान सकाळीच म्हणाले होते. "मोजेनच. दोन कमी आहेत, तुमच्या डब्यातून गेलेत," असे ताईंनी ठणकावले होते.

दुपारी साहेब आले. "ताई, यजमान केव्हाचे फाटकावर ताटकळलेत. आणि हे घ्या, चौकशी मिटली म्हणून वस्तू परत आल्यात."

सीलबंद पाकिटात स्क्रूड्रायव्हर होता. दांड्यावर सत्तेचाळीस कोरलेले. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले होते: 'मेकॅनिकच्या गणवेशाचा छातीचा खिसा. बटण लावलेले.'

ताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली, मग नव्या बाईंपुढे धरली. "वाचा. मोठ्यानं वाचा, साहेबांनाही ऐकू दे."

बाईंनी वाचले. साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली.

तेलाच्या फडक्याने ताईंनी गंज पुसला, बिल्ला काढला आणि स्क्रूड्रायव्हर हुकाला लावला. बिल्ला धरलेला हात सवयीने हत्यारे देण्याघेण्याच्या खिडकीबाहेर गेला. थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो आत घेतला.

"लिहा," ताई म्हणाल्या.

नव्या बाईंनी लिहिले: हुक एकशे बारा. हत्यारे एकशे बारा. बाहेर शून्य. बिल्ला एक.